एकटीचं भाडं

सोलापूर, २ जानेवारी २०२५

अवधूत,

आशीर्वाद पहिल्या ओळीत घालायची आपल्याकडे रीत आहे. या वेळी ते शेवटी ठेवते, तोवर उरले तर.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि मेसेज केला की त्याला नुसता अंगठा दाखवतोस. सव्वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात आवक-जावक लिहिली आहे मी. कागदावर आलेली गोष्ट टाळायला माणसाला जरा जड जातं, एवढा माझा अनुभव आहे.

तर, डिसेंबरात तू क्रूझवर जाऊन आलास. अभिनंदन. निळी टोपी तुला शोभते.

मला कसं कळलं? तुझा तो ‘स्वस्तात मस्त भटकंती’ नावाचा ग्रुप आहे ना, तीनशे बारा माणसांचा, त्यात एक नंबर आईचा आहे. चार वर्षांपूर्वी तूच तिला जोडलंस, नातवंडांचे फोटो दिसावेत म्हणून, आणि विसरून गेलास. विसरण्याचा आजार आईला आहे असं डॉक्टर म्हणतात. आईचा फोन आता मीच बघते. तेव्हा जहाजाची गच्ची, तरणतलाव, ताटभर केक आणि तुझी टोपी, हे सगळं मी सोलापुरात बसून पाहिलं.

नोव्हेंबरात मी तुझ्याकडे एक दिवस मागितला होता. आमच्या शाळेतल्या जाधवबाईंचा टेंभुर्णीला सत्कार होता. सकाळी जाऊन संध्याकाळी परत आले असते. तू म्हणालास, “ताई, रजा एकसुद्धा शिल्लक नाही गं.” मी नाही गेले. बाईंना फोनवर शुभेच्छा दिल्या.

भांडायला लिहीत नाही. तुझे ‘क्रूझवर पैसे वाचवायचे अकरा उपाय’ मी वहीच्या पानावर उतरवून घेतलेत आणि पिठाच्या डब्यावर चिकटवलेत. पोळ्या लाटताना वाचते. परीक्षांच्या दिवसांत जा, तेव्हा जहाज निम्मं रिकामं असतं. खिडकी नसलेली खोली घ्या, झोपायला खिडकी लागत नाही. पैसे परत न मिळणारं तिकीट सगळ्यात स्वस्त. आणि नववा उपाय तर मला तोंडपाठ झालाय: “वायफाय अजिबात घेऊ नका. चार दिवस तुम्हाला कुणी हाक मारू शकत नाही, याचीच तर मजा आहे.”

हे वाचलं आणि मला जहाजावर जावंसं वाटलं. पंचावन्न वर्षांची झाले, मी समुद्र पाहिलेला नाही.

घरातलं तुला थोडं सांगायला हवं, कारण तू शेवटचा आलास तेव्हा दोन तास होतास आणि आई झोपली होती. आपल्या दाराला आता आतून कुलूप असतं. किल्ली माझ्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. दिवसभर आई बरी असते. संध्याकाळी पाच वाजले की पिशवी भरते, त्यात एक लुगडं, कंगवा आणि असला तर चमचा, आणि दाराशी उभी राहते. मराठी तिचं हळूहळू पुसत चाललंय. लहानपणीचं दुधनीचं कानडी मागे उरलंय. “मनीगे होगोण,” म्हणते. म्हणजे घरी जाऊ या. मी म्हणते, “नाळे होगोण.” उद्या जाऊ. तेवढं ऐकलं की ती पिशवी खाली ठेवते. गेली दोन वर्षं आम्ही रोज उद्या दुधनीला निघतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस तू इथं येऊन राहा. मी जाऊन येते. एवढंच मागते.

ताई

सोलापूर, २० जानेवारी २०२५

अवधूत,

माझ्या तीन पानांना तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. “ताई, सिंगल महाग पडतं, दोघांचे पैसे भरावे लागतात. त्यापेक्षा आईला घेऊन जा, तेवढ्यातच होईल.” आणि पुढं जहाजाचं चित्र.

तू येशील की नाही, त्याबद्दल अवाक्षर नाही. उंटावरून शेळ्या हाकणं तुला बाबांच्या तेराव्यापासून छान जमतं. तेव्हाही सगळे ओसरीवर बसले होते, आईचं पुढं काय हा विषय निघाला, आणि तू चहाचा कप खाली ठेवत म्हणालास, “ताई आहेच की.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आणखी एकेक कप चहा झाला. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही, हे माझं चुकलं. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली तेव्हासुद्धा तू म्हणालास, बरं झालं ताई, आता तुला आराम.

तरी तुझं म्हणणं तपासून बघावं म्हणून परवा सात रस्त्याला गेले. चंद्रव्वाला तासभर जास्त थांबवलं. चंद्रव्वा म्हणजे आईच्या आंघोळीला येते ती. सकाळचे दोन तास ती आहे म्हणून मी अजून शहाणी आहे. सात रस्त्याला रेश्मा नावाच्या बाईंचं टूरचं ऑफिस आहे. चाळिशीच्या आहेत, बोलायला मोकळ्या.

“मॅडम, खोली दोघांचीच असती,” त्या म्हणाल्या. “एकटं माणूस आलं तरी दुसऱ्या पलंगाचं भाडं लागतंच की.”

“आणि पलंग?”

“रिकामाच राहतो. त्याच्यावर बॅग ठेवा तुमी.”

“आणि तिसरं माणूस असलं तर?”

“तिसऱ्याला भाडं न्हाई. नुसता कर. भिंतीतनं एक फळी खाली येती, तिच्यावर झोपायचं. लई लोक तसंच करत्यात, घरातलं एखादं माणूस असतंच की तसलं.”

मी खुर्चीत बसून राहिले. एकटी बाई दोघांच्या भावात, आणि फळीवरची तिसरी जवळजवळ फुकट. आपल्या घरात मी नेहमी कोणत्या भावात गेले, हे मला कुणी एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं. रेश्माबाईंनी पाणी दिलं.

मग खोलीचं चित्र बघितलं. दोन पलंग, एक आरसा, एक दार. खिडकी नाही. दोन वर्षं आतून कुलूप लावून राहायचं, आणि सुट्टीला जाऊन पैसे भरून पुन्हा असल्याच खोलीत, तेही आईबरोबर? फरक एवढाच की इथं निदान स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं कडुलिंबाचं झाड दिसतं. तेवढ्यातच होईल म्हणतोस. तुझ्यापुरतं झालंय रे कधीच.

आईला नेणार नाही. पाच दिवस ये. पुन्हा विचारते.

ताई

सोलापूर, १४ फेब्रुवारी २०२५

अवधूत,

या वेळी अंगठासुद्धा नाही. हरकत नाही, मी आपली लिहिते.

दुसऱ्या पलंगासाठी माणूस शोधून पाहिलं. जाधवबाईंना विचारलं. त्यांना फार आवडलं असतं, पण त्यांच्या यजमानांना गरम भाकरीशिवाय जेवण जात नाही. वर आणि म्हणाल्या, “तुझं बरं आहे बाई, तुला कुणी अडवणारं नाही.” मी फोन ठेवला.

शेवटी चंद्रव्वाला विचारलं. ती लगेच म्हणाली, “येती की ताई. मी बी कुटं समिंदर बघितलाय?” मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. “पर आमी दोगी गेल्यावर म्हातारीला कोन बगनार?” मीही हसले. खूप दिवसांनी दोघी एवढ्या हसलो, आणि आई आमच्याकडे बघून हसायला लागली, तिला काहीच माहीत नसताना.

होटगी रोडला एका वृद्धाश्रमात थोड्या दिवसांसाठी ठेवून घेतात. एक दुपार आईला तिथं ठेवून बघितलं. माणसं चांगली आहेत, जागा स्वच्छ आहे. चार तासांनी गेले तर आई जाळीच्या फाटकाला धरून उभी. तिथल्या बाई म्हणाल्या, बसवलं तरी बसल्या नाहीत. मला बघून आईनं विचारलं, “अवधूत आला?”

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आई मला ओळखत नाही. मला ती अव्वा म्हणते, म्हणजे तिची आई समजते. चिडली की “यारु नी?” विचारते, तू कोण. पण तुझं नाव तिला आठवतं. दिवसातून दहा वेळा विचारते, अवधूत जेवला का, अवधूत शाळेतून आला का. मी म्हणते, येतोय. दूध मी गरम करायचं, अंथरूण मी धुवायचं, आणि नाव तुझं. मला तुझा राग येतो, अवधूत. आईचाही येतो, हे मात्र कुणाला सांगू नकोस. कधी कधी ती पिशवी घेऊन दाराशी उभी राहते तेव्हा माझ्या मनात येतं, कुलूप काढावं आणि जाऊ द्यावं. मग मीच घाबरते आणि किल्ली चोळीच्या आत ढकलते.

परवा एक गंमत झाली. चंद्रव्वा आईला गल्लीच्या टोकाच्या देवळात घेऊन गेली. तासाभराचा कार्यक्रम होता. मी म्हटलं, घाईनं बाजार उरकून घेऊ. पिशवी घेतली, कुलूप काढलं, दार उघडलं, आणि बाहेर पडायच्या ऐवजी उंबऱ्यावर बसले. दार मागे सताड उघडं. घरात कुणी नाही. कुकर नाही, हाक नाही. गल्लीत एक माणूस सायकलची चेन बसवत होता, ते बघत बसले. पूर्ण तास. बाजार राहिला. आमटीला मिरच्यासुद्धा नव्हत्या.

तेव्हापासून समुद्राचं माझं काही ठरत नाहीये. बघू.

ताई

सोलापूर, ३ मार्च २०२५

चि. अवधूत,

मागच्या पत्रात जरा जास्त बोलले. मनावर घेऊ नकोस. उन्हाळा या वर्षी लवकर लागलाय आणि माझं डोकं तापतं.

तुझंच बरोबर होतं. मी पुन्हा रेश्माबाईंकडे जाऊन आले आणि तुझा सहावा उपाय वापरायचं ठरवलं. आपण तिघं जाऊ. तू, आई आणि मी. एकच खोली घ्यायची, बिनखिडकीची. तिसरं माणूस नुसत्या करात. माझे फंडाचे पैसे आलेत, तेव्हा तुला एक रुपया घालायचा नाही. आठ एप्रिलला मंगळवारी मुंबईहून निघतं, बाराला शनिवारी सकाळी परत. मुलांच्या परीक्षा आहेत, म्हणजे तुझी बायको आणि मुलं येणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि त्यांच्याही अभ्यासाला घर शांत मिळेल.

तुझ्या पाचव्या उपायाप्रमाणे पैसे परत न मिळणारं तिकीट काढलंय. तुझं आधार कार्ड बाबांच्या कागदांत होतंच. आलं नाहीस तर तुझं भाडं पाण्यात जाईल. तुला ते सोसवणार नाही, मी ओळखते. नगरपालिकेच्या बागेतला पाळणा बंद पडला तेव्हा उरलेल्या दोन फेऱ्यांसाठी तू तासभर उभा होतास. सात वर्षांचा होतास.

आईचं तुला काही करावं लागणार नाही. मी आहेच की.

अनेक आशीर्वाद.

तुझी ताई

सोलापूर, २७ मार्च २०२५

चि. अवधूत,

तुझा मेसेज वाचून बरं वाटलं. रजा मिळाली, हे तर फारच छान झालं. तुझ्या चार प्रश्नांची उत्तरं देते.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी आत नेऊ देत नाहीत, रेश्माबाईंनी विचारून सांगितलं. म्हणून तुझ्यासाठी वेगळी बांधून आणते. जहाजावर चढायच्या आधी धक्क्यावर खाऊन घे. आत जेवण तिकिटातच आहे.

वायफाय घेतलेलं नाही. तूच सांगितलंयस.

तिकिटांचे कागद माझ्याजवळ आहेत, आधीची नोंदणी रेश्माबाईंनी करून दिली. तू फक्त आधार कार्ड आण.

आईला चाकांची खुर्ची मोफत मिळते. खुर्चीवाल्यांची रांग वेगळी असते आणि तिच्याबरोबर एकालाच सोडतात. त्या रांगेत तू जा. तिला तुझा हात धरायला आवडेल. मी साध्या रांगेतून मागून येते.

आम्ही सोमवारी रात्रीच्या गाडीनं निघतो. चंद्रव्वा मुंबईपर्यंत सोबतीला येतेय, तिलाही समुद्र बघायचाय. तू पुण्याहून थेट धक्क्यावर ये. दहाला. उशीर करू नकोस, जहाज कुणासाठी थांबत नाही, हा तुझा पहिलाच उपाय आहे.

तुझी ताई

सोलापूर, ७ एप्रिल २०२५, दुपार

अवधूत,

हे तुला आईच्या औषधांच्या पिशवीत मिळेल. संध्याकाळी सहाची गोळी काढायला पिशवी उघडशील तेव्हा हाताला लागेल. तोवर जहाज लांब गेलेलं असेल आणि फोनची रेंज संपलेली असेल. त्याआधी तू मला फोन केला असशील, ताई कुठं राहिलीस म्हणून, आणि मी म्हटलं असेल, रांग मोठी आहे, तुम्ही व्हा पुढं. ते खोटं होतं. मी कुठल्याच रांगेत नव्हते. चंद्रव्वाबरोबर बाहेर बाकावर बसून जहाज निघताना बघत होते.

तिकिटं दोनच आहेत. तुझं आणि आईचं. तीन मार्चच्या पत्रापासून मी तुझ्याशी खोटं बोलतेय. सव्वीस वर्षांत एक खोटी नोंद केली नाही मी, आणि या महिन्यात एवढ्या केल्या की मलाच माझं आश्चर्य वाटतं.

तू चिडशील. चिड. मधे एका बेटावर उतरवतात म्हणे, पण तिथून पुण्याची एसटी सुटत नाही. चार दिवस तुला कुणी हाक मारू शकत नाही आणि तुलाही कुणाला मारता येणार नाही. मी एवढंच केलं, तुझे उपाय शेवटपर्यंत पाळले.

आईला मी वाऱ्यावर सोडलेलं नाही, हे आधी नीट वाच. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, प्रकृती ठीक आहे, फिरवा, फक्त ओळखीचं माणूस सतत जवळ हवं. ओळखीचं माणूस तिला जगात एकच उरलंय, आणि ते मी नाही. जहाजाच्या लोकांना तिच्या आजाराचं रेश्माबाईंनी लेखी कळवलंय, तुमच्या मजल्यावरच्या माणसांना माहीत आहे. बिनखिडकीची खोली मी स्वस्त म्हणून घेतली नाही. तिला उघडता येईल अशी एकही गोष्ट त्या खोलीत नको होती, दाराशिवाय. दारासाठी पिशवीच्या तळाशी एक घुंगरू आहे. कडीला बांध. वाजलं की ऊठ. झोप तुटेल. सवय होते, आठ-दहा दिवसांनी. तुला चारच आहेत.

गोळ्या कागदात बांधल्यात, कागदावर वार आणि वेळ लिहिलीय. आंघोळीला जहाजावरची बाई मदत करते, तिला सांग. गरम पाणी आधी स्वतःच्या हातावर बघ. जेवताना तिच्यासमोर एकच पदार्थ ठेव. दोन दिसले की ती गोंधळते आणि काहीच खात नाही. तिथं म्हणे चाळीस पदार्थ मांडतात, तेव्हा तिला तिथं नेऊच नकोस, ताट वाढून आण. लुगड्याच्या आत एक कापडी पट्टी शिवलीय, तिच्यावर तुझं नाव आणि खोलीचा नंबर आहे. माझं नाव घातलेलं नाही.

आता मी काय करणार, ते सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मला समुद्र बघायचाय. तेव्हा तसंच वाटत होतं. मग त्या दिवशी उंबऱ्यावर बसले आणि लक्षात आलं, मला जहाज नको होतं. मला आपलं घर हवं होतं, त्याच्यात कुणी नसलेलं. एकटीनं जहाजावर जायला दोघांचं भाडं पडतं. एकटीनं घरात राहायलाही तेवढंच पडलं, हिशेब तोच, पण पलंग वाया गेले नाहीत. समुद्र धक्क्यावरून दिसेल तेवढा पुरे. मग रात्रीच्या गाडीनं परत.

बुधवारी सकाळी घरी पोचेन. कुलूप काढून कपाटात ठेवीन. दार उघडं टाकीन. भात आणि मेतकूट खाईन, तेही उशिरा. दुपारी दिवाणखान्याच्या मधोमध आडवी होईन आणि संध्याकाळी पाचला उंबऱ्यावर बसेन. पाच वाजता मी घाबरेन कदाचित. हात आपोआप गळ्याशी जाईल. त्या वेळी तू तिथं तिच्याजवळ असशील, एवढं मनाला सांगेन.

एक खरं सांगून टाकते, कारण हे पत्र तू रागात वाचणार आणि रागात वाचलेलं माणूस विसरत नाही. मनात असंही आलं होतं की शनिवारी धक्क्यावर जाऊच नये. जाधवबाईंकडे टेंभुर्णीला जाऊन राहावं आणि फोन बंद ठेवावा. दोन दिवस तो विचार माझ्याजवळ होता. आईला भरवतानासुद्धा होता. मग काल ती मला म्हणाली, “अव्वा, नी ऊटा माडु.” आई, तू जेव. रोज मी तिला म्हणते ते तिनं मला म्हटलं, आणि स्वतःच्या ताटातला घास माझ्यापुढं केला. मी तो खाल्ला. म्हणून शनिवारी सकाळी मी धक्क्यावर असेन. नक्की असेन.

पण नेहमीसारखं आईला माझ्या हातात देऊन तू पुण्याची गाडी पकडणार नाहीस. तिथंच बाकावर बसून बोलायचं. वर्षातले किती महिने तुझ्याकडे, किती माझ्याकडे. पूर्ण वेळ बाई ठेवायची तर कुणी. ताई आहेच की, हे वाक्य सोडून तू काहीही बोल, मी ऐकेन. चार दिवस तिच्याबरोबर काढल्यावर तुला बोलायला पुष्कळ असेल.

तुला कानडी येत नाही. बाबांना घरात चालायचं नाही, आणि नंतर तुला गरज पडली नाही. म्हणून चार शब्द लिहून ठेवते, मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावरही आहेत.

नीर बेकु म्हणाली तर तिला पाणी हवंय. साकु म्हणजे पुरे, मग जबरदस्ती करू नकोस. ऊटा माडव्वा असं तू म्हणायचं, मायेनं, म्हणजे ती जेवेल. यारु नी असं विचारेल, तुलाही विचारेल, नाव आठवत असलं तरी टक्कल पडलेला माणूस तिचा अवधूत आहे हे तिला लगेच पटायचं नाही. तेव्हा म्हण, नानु निन्न मग. मी तुझा मुलगा. दोनतीनदा म्हणावं लागेल. हात धरून म्हण.

आणि हे पत्र वाचत असशील तेवढ्यात ती पिशवी भरून दाराशी उभी असेल. आज बाहेर पडल्यामुळं जरा उशीर झाला असेल, एवढंच. ती म्हणेल, मनीगे होगोण. तू भांडू नकोस, आपण बोटीत आहोत हे समजावू नकोस, चहूकडे पाणी आहे हे तर मुळीच सांगू नकोस. नाळे होगोण, एवढंच म्हण. ती पिशवी खाली ठेवेल. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी ते खोटं आहे, आणि ते खोटं बोलणं पहिल्या दिवशी जड जातं. नंतरही जातं.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र ते खरं असेल. तेव्हा जरा मोठ्यानं म्हण. तिला उजव्या कानानं कमी ऐकू येतं.

आशीर्वाद उरलेत. दोघांनाही.

ताई